सटवाईपुढची दुरडी

चतुराबाईनं एखादी गोष्ट मनावर घेतली की समोरच्यानं खाली बसून घ्यावं, असं खरबवाडीत म्हणत. ती भांडकुदळ होती म्हणून नव्हे. हातातलं काम तडीला गेल्याशिवाय ती बाई स्वतः उठत नसे आणि दुसऱ्यालाही उठू देत नसे, म्हणून.

तिचं माहेर उमापूरकडचं, गोदाकाठचं. लग्न होऊन ती पाटोद्याजवळच्या या वाडीत आली तेव्हा गोदेचं पाणी मागं राहिलं आणि वाट्याला डोंगर, खडक आणि मेंढरं आली. नवरा सटवा, जातीचा धनगर, स्वभावानं मऊ. सासरी येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा लांडग्यानं कळपातलं एक कोकरू उचललं. गडीमाणसं आरडाओरडा करून थांबली. ही नऊवारीचा काचा मारून, काठी घेऊन, एकटी डोंगर चढून गेली. दिवस कलला तेव्हा परत आली. खांद्यावर कोकरू होतं, पण मेलेलं.

"अगं, मेलेलं कोकरू आणायला एवढी गेलतीस?" सासऱ्यानं विचारलं.

"मेलं ते मेलं," ती म्हणाली, "पर लांडग्याला न्हाई खाऊ दिलं."

पुढं तिला दोन लेक झाले, एक लेक झाली. लेक मनकर्णा सिरसाळ्याला दिली. मुलगे मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने लांब लांब चरत जायचे. वाडीत सटवा, चतुराबाई, म्हातारी मेंढरं, आठ-दहा शेळ्या आणि एक कुत्रा. तिचं आयुष्य असंच सरलं असतं, पण मधे मानमोडीच्या तापाची, इन्फ्लुएंझाची, साथ आली.

त्या साथीनं निजामाच्या मोगलाईतली गावंच्या गावं झोपवली. सकाळी औत धरलेला माणूस संध्याकाळी तिरडीवर असायचा. म्हातारी माणसं राहिली आणि धडधाकट गेली. साथ ओसरली तेव्हा खरबवाडीसारख्या लहानशा वाडीतसुद्धा पांढऱ्या कपाळाच्या पोरी घरोघर दिसू लागल्या. त्यातली एक छबू. वीस वर्षांची असेल नसेल. नवरा साथीत गेला, माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून सासरीच शेणगोठा करून राहिली होती. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं, असं सगळे म्हणायचे. पण कुणीतरी बघितलंच होतं.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात, उन्हं वर येता येता, सटवाचा कुत्रा ओढ्यात भुंकायला लागला. चतुराबाई गेली तर तरवडाच्या झुडपाखाली लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं मूल. मुलगा होता. अंग निळं पडलेलं, पण छाती हलत होती. तिनं त्याला चोळीच्या आत उराशी धरलं आणि पळत घर गाठलं. चुलीपुढं बसून कापसाच्या वातीनं शेळीचं दूध ओठांवर टिपलं. दोन थेंब आत गेले. तिला वाटलं, लागलं हाताला. पण थंडीनं आपलं काम आधीच करून ठेवलं होतं. दुपारी तिच्या मांडीवरच ते गार झालं.

तिकडं बातमी पाटोद्याला पोचली आणि अमीन घोड्यावरून आला. अमीन म्हणजे तालुक्याच्या पोलिसांचा मुख्य. त्यानं पाटलाला, मोहनरावाला, चावडीवर बोलावलं आणि हुकूम सोडला, की वाडीतल्या जेवढ्या जवान विधवा आहेत तेवढ्या उभ्या करा. पाटलाच्या गोठ्यात त्या पोरींना एकेक करून आत घेतलं. तपासायला वाडीतली सुईण, बायनाबाई, हिला जबरदस्तीनं बसवलं. बायनाबाईनं आयुष्यभर बायांच्या वेणांना हात दिला होता. त्या दिवशी तोच हात तिला पोरींच्या पोटावर चौकशीला ठेवावा लागला. ती रडत होती आणि पोरी भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. छबूची पाळी आली तेव्हा तपासायचं कामच पडलं नाही. तिच्या चोळीला दूध फुटलं होतं.

बाप कोण ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणि जो होता तो गर्दीत उभा राहून इतरांसारखाच मान हलवत असणार.

कमरेला दोर बांधून तिला नेताना वाट चतुराबाईच्या मेंढरांच्या वाड्यावरून जात होती. छबू थबकली.

"मावशे, तुझ्यापाशी गेलं म्हनं ते."

"व्हय."

"रडत हुतं का?"

चतुराबाई आयुष्यात फार थोड्या वेळा खोटं बोलली. "न्हाई गं," ती म्हणाली. "झोपेतच गेलं. पोट भरलं हुतं त्याचं."

शिपायानं दोराला हिसका दिला आणि छबू पुढं गेली.

संध्याकाळी धारा काढता काढता चतुराबाईचे हात थांबले. सटवा वासराएवढ्या एका दांडग्या शेळीला धरून उभा होता.

"ती ओढ्यातच का गेली असंल?" ती म्हणाली.

"कोन?"

"छबू. लेकराला मारायचंच असतं तर गळा दाबायला कितीसा येळ लागतो? तिनं धडपा गुंडाळला. तोंड उघडं ठिवलं. तिला ते मारायचं नव्हतं. पर कुनाच्या दारात ठिवावं? ठिवलं की कोन, कुनाचं, कवा. मग ओढाच बरा. ओढा काय इचारत न्हाई."

शेळीनं पाय झाडला, सटवानं तिला घट्ट धरलं.

"न इचारनारं एक दार पायजे," ती म्हणाली आणि पुन्हा धार काढू लागली. सटवाला तेव्हाच कळलं, की आता आपलं काही खरं नाही.

वाडीच्या बाहेर, शिवेला लागून एक जुना कडुलिंब होता. त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेले दगड, ती सटवाई. बाळाच्या पाचवीला नशीब लिहून जाणारी. नवसाचं मूल, आजारी मूल, जावळ काढायचं मूल, सगळ्यांना तिथं आणायची रीत. पुरुष तिकडं फिरकत नसत. आणि कडेवर मूल घेऊन एखादी बाई सटवाईच्या वाटेनं निघाली तर तिला कुठं चाललीस म्हणून कुणी विचारत नसे. चतुराबाईनं हेच हेरलं. तिनं बांबूची एक खोल दुरडी घेतली, तळाशी धुतलेली लोकर अंथरली, वर जुनं मऊ लुगडं टाकलं आणि ती सटवाईपुढं ठेवून आली.

मग ती बायनाबाईकडं गेली. त्या गोठ्याच्या दिवसापासून बायनाबाई घराबाहेर पडली नव्हती.

"ऊठ," चतुराबाई म्हणाली. "तुला काम हाय."

"माझ्या हातानं झालं ते पुरं न्हाई का?"

"त्याच हातानं आता फिटू दे. चार गावच्या बायका तुला बाळातपनाला बोलावत्यात. जाशील तिथं नुसतं बोलत जा. कुनाकडं बघून न्हाई, आपलं हवेत बोलल्यागत. म्हनावं, खरबवाडीच्या सटवाईपुढं दुरडी हाय. ज्या बाईला लेकरू जवळ करनं होत न्हाई तिनं जित्तं लेकरू तिथं ठिवावं. दुपारच्याला चतुरा मेंढरं घिऊन तिथंच असती, देवीकडं पाठ करून. ती वळून बघत न्हाई अन् नाव इचारत न्हाई."

"अन् तू खरंच न्हाई बघनार?"

"बघितलं तर मला ठावं हुईल. ठावं झालं तर कुनी मारून मुटकून काढून घिईल. मला ठावंच नसंल तर काय काढतील?"

बायनाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि उठून पायात वहाणा घातल्या.

सटवानं मात्र यावेळी आडवं लावलं. तो सहसा लावत नसे.

"लोक शेन घालतील तोंडात. म्हनतील, धनगरनीनं पापाचं दुकान मांडलं."

"म्हनू द्या."

"अगं, मेंढीसुदीक दुसरीचं कोकरू घेत न्हाई. मेल्या कोकराचं कातडं पांघरून लावावं लागतं तवा कुठं पाजती. मानसं तर लई पुढची. कोन घिईल असली लेकरं?"

"मेंढीला फसवावं लागतं," चतुराबाई म्हणाली, "कारन तिला सांगून कळत न्हाई. मानसाला सांगून बघू. न्हाई कळलं तर आपल्या घरात दूध हाय."

सटवानं चिलीम पेटवली. दुसऱ्या दिवशी नुकतीच व्यालेली एक शेळी त्यानं कळपातून वेगळी काढून दारात बांधली आणि तिचं दूध घरात कुणी घ्यायचं नाही असं सांगून टाकलं. त्याचं बोलणं तेवढंच.

मग काहीच झालं नाही. हिवाळा गेला, उन्हाळा आला. रोज दुपारी चतुराबाई लिंबाखाली पाठ करून बसे, लोकर कातीत. वाऱ्यानं दुरडीत पाला पडे, तो ती काढी. पाणवठ्यावर मात्र बोलणं सुरू झालं होतं. ती घागर घेऊन गेली की बायका बाजूला सरकत. कुणी तोंडावर म्हणे, "आमच्या पोरींला वाट दाखिवती व्हय गं?" ती घागर भरे आणि निघून येई. एकदा कुणीतरी दुरडी मोडून ओढ्यात टाकली. तिनं दुसरी विणून आणली. तीही मोडली, तेव्हा तिसरी आणली आणि ठेवता ठेवता मोठ्यानं म्हणाली, "बांबू लई हाय डोंगरात."

उन्हाळ्याच्या शेवटी एका दुपारी मेंढरं सावलीला डोकी खाली घालून उभी असताना मागं पाचोळा वाजला. कुत्र्यानं कान टवकारले. चतुराबाईनं त्याच्या मानेवर हात ठेवून त्याला खाली दाबलं. हातातली चाती फिरायची थांबली. मागं कुणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत होता, लांबून चालत आल्यासारखा. मग एक बारीक कुईं.

"बोलू नको," चतुराबाई समोरच्या डोंगराकडं बघत म्हणाली. "तुझा आवाज मला नको. मी इचारते, तू दगडावर दगड वाजीव. व्हय असंल तर एकदा, न्हाई तर दोनदा. पाजलंस का त्याला?"

बऱ्याच वेळानं दगड वाजला. एकदा.

"त्याला काय दुखनं बिखनं?"

दोनदा.

"तुला रगत लई जातंय का?"

थांबून, एकदा.

"लिंबाच्या पलीकडं गाडग्यात बायनानं बाळंतकाढा ठिवलाय. पिऊन जा. उरलेला घिऊन जा. अन् ऐक. लेकरू जगंल, ह्याची मी सटवाईपुढं आन घेते. तू माघारी बघायची न्हाई, मी बी बघनार न्हाई."

मागची बाई गेली नाही. ती रडत होती, पदर तोंडात कोंबून रडावं तशी. वळून तिला जवळ घ्यावं असं चतुराबाईच्या अंगातली हाडं न् हाडं म्हणत होती. तिनं दोन्ही हातांनी कुत्र्याची मान गच्च धरली आणि डोंगराकडंच बघत राहिली. पावलं लांब जाईपर्यंत. मग उठली आणि वळली. दुरडीत मुलगी होती, काळ्याभोर जावळाची, मूठ चोखत पडलेली.

तिचं नाव तिनं कौशल्या ठेवलं.

ही गोष्ट लपवायची नाही, असं चतुराबाईनं आधीपासून ठरवलं होतं. ठेवणारीनं आडून यावं, पण पुढचं सगळं उजेडात व्हावं, असं तिचं म्हणणं. त्याच दिवशी ती मुलीला घेऊन चावडीवर गेली आणि मोहनराव पाटलाला म्हणाली, "सटवाईपुढं ही घावली. बघून घ्या. जित्ती हाय, धड हाय."

मोहनराव वाईट माणूस नव्हता. पण पाच-सहा महिन्यांपूर्वी त्याच्या गोठ्यात जे झालं त्यानं त्याच्या वाडीचं नाव तालुकाभर झालं होतं आणि ते त्याला डाचत होतं. आता पुन्हा तेच. तो चिडला.

"कोनाची पोर ती?"

"बघितलं न्हाई."

"तू तिथं बसलीस अन् बघितलं न्हाई? मला काय येडा समजतीस?"

"पाठ करून बसले हुते, पाटील. मुद्दामच."

मोहनरावानं रात उलटायची वाट पाहिली नाही. पाटोद्याला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी अमीनाचे शिपाई आले आणि चतुराबाईला घेऊन गेले. मुलगी घरी बायनाबाईपाशी राहिली.

त्या दिवशी पाटोद्याचा बाजार होता. कचेरीच्या अंगणात अमीनानं तिला उन्हात उभं केलं. नाव सांग आणि जा, एवढंच तो म्हणत होता. आधी रागानं, मग गोडीनं, मग हवालातीची भीती घालून. ती तेच तेच सांगत राहिली. शेवटी तिनंच त्याला विचारलं, "अमीनसाहेब, मला किती दिस ठिवनार?"

"नाव सांगेपर्यंत."

"मग माझी शेळी बोलवा."

"काय?"

"लेकरू शेळीच्या दुधावर हाय. ती माझ्या हाताबिगर धार देत न्हाई, अन् बायनापाशी एका दिसाचं दूध हाय फकस्त. मला ठिवायचं तर लेकरू अन् शेळी हितं आना. न्हाईतर ते मरंल. मग तुमच्या हवालातीपायी मेलं म्हनून कुनाला दोर बांधनार?"

अमीनानं शिपायाकडं बघितलं. शिपायानं जमिनीकडं. बोलावणं करायची गरजच पडली नाही, कारण सटवा सकाळीच निघाला होता. दुपारपर्यंत तो एका हातात शेळीची दोरी आणि दुसऱ्या हातावर लेकरू अशा थाटात बाजाराच्या मधून कचेरीत आला. मागं बायनाबाई, आणि तिच्यामागं बाजारातली निम्मी माणसं. चतुराबाई कचेरीच्या ओट्यावर बसली, सटवानं शेळी धरली, आणि कायद्याच्या दारात तिनं मुलीला दूध पाजलं. अंगण माणसांनी भरलं. घोंगडीवाले, मिरचीवाल्या, बैल विकायला आलेले शेतकरी, सगळे.

गलका ऐकून तहसीलदार बाहेर आले. हैदराबादकडचे वयस्क गृहस्थ, दाढी पिकलेली, मराठी समजत होतं पण बोलताना अडखळत. त्यांनी अमीनाचं ऐकून घेतलं, तक्रार घेऊन आलेल्या मोहनराव पाटलाचं ऐकून घेतलं. मग चतुराबाईला म्हणाले, "बाई, तू चोरी नाही केली, खून नाही केला. एक नाव सांगायचं. का जिद करतीस?"

"साहेब, नाव असतं तर ते बी नसतं सांगितलं. पर न्हाईच. आनू कुठून?"

"बेवारस मूल. सरकारला मालूम पायजे ना, कुणाचं."

"बेवारस जनावराला सरकारचा कोंडवाडा हाय. वैरन हाय, पानी हाय. लेकराला काय हाय? ओढा हाय." तिचा आवाज चढला नव्हता. "मागल्या सालचं लेकरू माझ्या मांडीवर मेलं. त्याच्या आईचं नाव सरकारला मालूम झालं. लेकराला त्याचा काय उपेग झाला, ते तेवढं सांगा."

तहसीलदार काही बोलायच्या आत गर्दीच्या मागच्या बाजूला हालचाल झाली. कुणीतरी बाई माणसांना सारत पुढं येत होती. "मी सांगते, मी," असा एक फाटका आवाज आला. आवाज एवढा बारीक होता, की पुढच्या रांगेला तो कळलाही नाही. बायनाबाईनं मात्र ऐकला आणि ती दगडासारखी झाली. चतुराबाईनंही ऐकला. ती ताडकन उठली, मुलीला सटवाच्या हातात दिली, आणि सगळ्या अंगणाकडं पाठ फिरवून, तोंड कचेरीच्या भिंतीकडं करून उभी राहिली.

"मागं कोन बोलतंय ते मला ठावं न्हाई!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की झाडावरचे कावळे उडाले. "जी कोन असंल तिनं ऐकावं! मला कुनी वाचवायला यायचं न्हाई. मी काय बुडत न्हाई. लेकरू हितं हाय, दूध पिऊन झोपलंय. ज्याचं त्यानं आपल्या घरी जावं!"

सगळं अंगण कधी तिच्याकडं, कधी मागच्या आवाजाकडं बघू लागलं. भिंतीकडं तोंड करून उभी असलेली ती बाई, झोपलेलं मूल घेऊन बावरलेला तिचा नवरा, शेळी. मग बाजारातल्या मिरचीवाल्या बायकांतली एक हळूच कचेरीच्या भिंतीकडं वळली आणि तिनंही त्या आवाजाकडं पाठ केली. तिच्या शेजारणीनं केली. बायनाबाईनं केली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. अंगणातल्या बायका एकेक करून वळल्या. अमीन पावलं उचलायला लागला तसा तहसीलदारांनी हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले.

बायका पुन्हा वळल्या तेव्हा मागची जागा रिकामी होती.

तहसीलदारांनी आपली दाढी कुरवाळली. मग खुर्ची बाहेर मागवून तिथंच बसले.

"अमीनसाहेब, कायदा काय म्हणतो? मुलाला जीव जाईल असं टाकून देणं, तो गुन्हा. बरोबर?"

"जी."

"हे मूल टाकलं, का सोपवलं?"

अमीनानं झोपलेल्या मुलीकडं बघितलं.

"ओढ्यात ठेवलं, ते टाकणं. ह्या बाईच्या पाठीमागं ठेवलं, ते सोपवणं. माझ्या समजुतीत हे दोन एक नाहीत." मग ते चतुराबाईकडं वळले. "लेखी हुकूम मी देऊ शकत नाही. तो हैदराबादेहून यावा लागतो, आणि माझ्या हयातीत यायचा नाही. पण मी इथं असेपर्यंत सांगतो. त्या देवीपुढं जिवंत मूल ठेवलं, तर आईची तपासणी होणार नाही. दुसरीकडं कुठं मूल सापडलं तर कायदा आपलं काम करील. मूल आलं की त्याच दिवशी पाटलाला दाखवायचं. आणि कुणी न्यायला आलं तर चावडीवर, चार माणसांसमोर द्यायचं. मूल विकलं असं ऐकलं, तर तुला मीच आत टाकीन. कबूल?"

"कबूल," चतुराबाई म्हणाली. "ते तर मी आदुगरच करत हुते."

तहसीलदारांना हसू आलं, पण त्यांनी ते दाढीत लपवलं. मोहनरावाला मात्र त्यांनी हसून विचारलं, "पाटील, तुमच्या वाडीचं नाव आता कशासाठी घेतील लोक? बघा."

मोहनरावानं पागोटं सावरलं आणि काढता पाय घेतला. पण पाच-सहा दिवसांनी त्याची बायको वच्छलाबाई, जी कधी वाड्याबाहेर पाय टाकत नसे, डोईवर पदर ओढून धनगराच्या दारात आली आणि जुन्या लुगड्यांचं एक गाठोडं ठेवून, पाणीही न पिता निघून गेली. पाटलाचं उत्तर आलं, हे चतुराबाईला समजलं.

त्यानंतर दुरडीत लेकरं येत राहिली. कधी वर्षात एक, कधी दोन वर्षांत एकही नाही. सगळीच विधवांची नव्हती. एक मुलींना वैतागलेल्या घरातली असावी; तिचे कान टोचलेले होते, म्हणजे बारसं होऊन आलेली. एक लेकरू आलं तेच तापानं फणफणलेलं आणि बायनाबाईनं जंग जंग पछाडूनही राहिलं नाही. चतुराबाईनं त्याला लिंबाच्या पल्याड पुरलं, अंगावरून पाणी घेतलं आणि दुपारी परत येऊन बसली. मुलं न्यायला लोक आधी लाजत, मग येऊ लागले. सिरसाळ्याच्या राधाकिशन वाण्याला मूल नव्हतं. तो बैलगाडी सजवून आला आणि चावडीवर पंचांसमोर एक मुलगा मांडीवर घेऊन गेला. तिकडं उमापूरला तिच्या माहेरच्या भावकीतल्यांनी एक मुलगी नेली. नेणाऱ्याला चतुराबाई एकच सांगायची, "हे कुनाचं म्हनून कुनी इचारलं, तर तुमचंच म्हनून सांगा. अन् लटकं सांगतोय असं वाटू देऊ नका, कारन ते लटकं न्हाई."

त्या तहसीलदारांची बदली झाली. नव्या अमीनानं पुन्हा एकदा तिला कचेरीत बोलावलं. ती गेली, शेळी घेऊनच गेली. दोन दिवसांत त्यानं तिला परत लावून दिलं.

काही वर्षांची शिक्षा भोगून छबू बीडच्या तुरुंगातून सुटली तेव्हा तिला न्यायला कुणी आलं नव्हतं. चतुराबाई आणि सटवा गेले. छबू फाटकाबाहेर भिंतीला टेकून बसली होती, केस पांढरे व्हायला लागलेले.

"मी न्हाई येत," ती म्हणाली. "लोक दगड मारतील."

"मारतील. मला बी मारत्यात. चल."

 घरी आल्यावर दारात खेळणारी कौशल्या तिच्या पायापाशी आली आणि तिच्या हातातली पिशवी ओढायला लागली. छबूनं आधी पिशवी सोडली. मग खाली बसली आणि पोरीला धरून असं रडली, की सटवा मेंढरं बघायचं निमित्त करून वाड्याच्या मागं निघून गेला. त्यानंतर ती कधी कुठं गेली नाही. लेकरांना वातीनं दूध पाजायचं, रात्री उठायचं, त्यांची लंगोटं धुवायचं काम तिनं आपण होऊन घेतलं, आणि ते करताना ती हळूहळू हसायलाही लागली.

कौशल्याला मात्र चतुराबाईनं कुणाला दिलं नाही. तिच्या लग्नाचा प्रश्न आला तेव्हा गावात कुजबुज झाली. स्थळ चांगलं होतं. परळीकडचा धोंडीराम नावाचा धनगर, मोठ्या कळपाचा मालक, आपल्या धाकट्या मुलासाठी मुलगी बघायला आला. मुलगी आवडली. सुपारी फुटायची वेळ आली तेव्हा त्याच्या चुलत्यानं घसा खाकरला.

"कूळ काय मुलीचं?"

कौशल्या आत दाराआड होती. छबूनं तिचा हात धरला.

"माझं कूळ," चतुराबाई म्हणाली.

"तसं न्हाई. खरं कूळ."

"खरंच सांगते. हिला सटवाईनं माझ्या पाठीमागं ठिवलं अन् मी उचललं. त्याच्या आदुगरचं मला ठावं न्हाई, हिला ठावं न्हाई, अन् तुमाला ठावं हुयाची गरज न्हाई. त्याच्या नंतरचं सगळं ठावं हाय. इचारा. ही दुष्काळात मेंढरं घिऊन एकटी गोदेपस्तोर गेलती. एक मेंढी गमावली न्हाई. अन् परवा मेंढरं घिऊन हिकडं आलेला तुमचा गडी ओढ्याच्या पुरात अडकला तवा काठी धरून ओढनारी ही हुती. त्यो हितंच बसलाय, त्यालाच इचारा."

गडी मान खाली घालून म्हणाला, "खरं हाय, मालक."

चुलता पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात धोंडीराम हसला. "काका, आपन मेंढरं घेताना काय बघतो? दात, पाय, लोकर. इकनाऱ्याचं पुरान ऐकत न्हाई. फोडा सुपारी."

"माझी लेक मेंढरू न्हाई," चतुराबाई पटकन म्हणाली.

"न्हाई, न्हाई," धोंडीराम कान धरून म्हणाला. "चुकलं, इहीनबाई."

सुपारी फुटली. आतून छबूचं रडणं आणि कौशल्याचं हसणं एकदमच ऐकू आलं. सटवानं पाहुण्यांना गुळाचे खडे वाटले आणि मग आठवल्यासारखं करून धोंडीरामला म्हणाला, "लेकीसंगं दोन शेळ्या देतो. व्यायला झाल्यात. चाऱ्याला जरा नखरेल हायत, पर दूध लई गोड."